श्वास मोजून न सापडणारी बाळे : सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा तथा अभियान संचालक,
राष्ट्रीय आरोग्य अभियान, महाराष्ट्र

विषय : एक वर्षाखालील बाळांच्या श्वसनसंसर्गातील विरळ गुंतागुंती वेळेत ओळखण्याबाबत

महोदय,

सर्दी-खोकला झालेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त भरले तर धोका समजायचा आणि छाती आत ओढली जाते का ते बघायचे. राज्यातल्या आशाताईंना हे पाठ आहे आणि त्याने जीव वाचतात. गावातल्या कार्यकर्त्यांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिले तर बालमृत्यू घटतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवले आणि 1990 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या चाळणीला आमचा विरोध नाही. तिच्यातून निसटणाऱ्या बाळांसाठी आम्ही, बालरोग आणि नवजात अतिदक्षता कक्षांत काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका, हे पत्र लिहीत आहोत.

ही बाळे थोडी असतात. यातली एकेक गुंतागुंत एखाद्या तालुक्याला वर्षभरात दिसणारही नाही, म्हणून प्रशिक्षणात तिला जागा मिळत नाही. पण सगळ्या मिळून जिल्हा रुग्णालयात त्या दर हंगामात येतात, आणि जवळजवळ प्रत्येकीची पहिली खूण स्वस्त, साधी आणि कोणालाही दिसेल अशी असते. ती विचारली जात नाही, एवढीच अडचण आहे.

सर्वांत आधी श्वास थांबण्याबद्दल. आरएसव्ही या विषाणूमुळे दोन महिन्यांखालच्या बाळाला, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, न्यूमोनिया होण्याआधीच श्वास थांबण्याचे झटके येऊ शकतात. नाक थोडे वाहते, ताप नसतो, खोकलाही नसतो. श्वास मोजला तर 44 भरतो. बाळ 'बरे' ठरते आणि रात्री झोपेत श्वास थांबतो. मेंदूतले श्वासाचे केंद्र अजून कच्चे असते आणि संसर्गाने ते दबते, म्हणून असे होते. फुफ्फुसात फारसे काही बिघडलेले नसल्याने श्वास वाढत नाही. येथे मोजणी चुकत नाही. ती वेगळ्याच आजारासाठी बनलेली आहे.

तान्ह्या बाळाच्या झोपेत पाच-दहा सेकंदांचा खंड पडतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो, रंग बदलत नाही. हे नेहमीचे आहे आणि त्यासाठी आईला घाबरवू नये. खंड 20 सेकंदांचा असेल, किंवा त्याहून लहान असूनही बाळ निळे-पांढरे पडले, ढिले पडले, तर तो धोका. सावळ्या बाळाचा रंग ओठांवर ओळखू येत नाही, जीभ आणि हिरड्या बघाव्या लागतात. आमची पहिली मागणी म्हणूनच अगदी लहान आहे. श्वास मोजण्याआधी आईला हे चार प्रश्न विचारावेत आणि ते छापील तक्त्यातच असावेत. झोपेत किंवा दूध पिताना श्वास थांबला का? बाळ निळे किंवा ढिले पडले का? नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध पिते का? शेवटची लघवी कधी झाली? पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकालाही 'हो' आले, तर तपासणीच्या वेळी बाळ हसत असले तरी त्याला घरी पाठवू नये, कारण एक झटका आलेल्या बाळाला पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा येण्याची शक्यता असते.

आता वेळापत्रक बघा. घरोघरच्या नवजात सेवेत आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते. त्यानंतरची ठरलेली गृहभेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे आरएसव्ही आणि डांग्या खोकला सर्वांत घातक असतो त्या वयातले जवळपास सात आठवडे नियोजित भेटीविना जातात. दुसरीकडे एसएनसीयू, म्हणजे नवजात बाळांचा विशेष कक्ष, 28 दिवसांपर्यंतच्या बाळांसाठी आहे. पाच आठवड्यांचे बाळ श्वास थांबून आले तर ते साध्या बालरोग वॉर्डात जाते, जिथे रात्री मॉनिटर लावलेली खाट असेलच असे नाही. सहा आणि दहा आठवड्यांच्या लसीकरणाला बाळ येतेच, त्या दिवशी हे चार प्रश्न विचारण्याला खर्च नाही. आणि दोन महिन्यांखालच्या श्वास थांबलेल्या बाळासाठी वयाची अट शिथिल करून एसएनसीयूत स्वतंत्र कोपरा किंवा वॉर्डात मॉनिटरची एक राखीव खाट द्यावी. संसर्ग पसरू नये म्हणून त्या कोपऱ्याला स्वतःची परिचारिका लागेल, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही मागतो.

हंगामाचाही विचार व्हावा. न्यूमोनियाविरोधी 'सांस' मोहीम नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते, ते उत्तर भारताच्या थंडीला धरून ठीक आहे. आपल्याकडे आरएसव्ही पावसाळ्यात आणि पाऊस ओसरताना जोर धरतो. प्रशिक्षण आणि साहित्य जूनमध्ये पोचायला हवे.

डांग्या खोकल्याबद्दल जरा विस्ताराने लिहावे लागेल, कारण येथे एक साधी रक्ततपासणी निर्णायक ठरते. तीन महिन्यांखालच्या बाळाला तो विशिष्ट 'हूप' आवाज बहुधा येतच नाही. ते खोकता खोकता लाल होते, मग निळे, आणि गप्प पडते. मधल्या वेळेत ते अगदी चांगले दिसते, छातीही साफ असते. यातल्या काही थोड्या बाळांमध्ये जंतूच्या विषामुळे पांढऱ्या पेशी, मुख्यतः लिम्फोसाइट, प्रचंड वाढतात. त्या फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गच्च साचतात, फुफ्फुसातला रक्तदाब चढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकते. या टप्प्यावर व्हेंटिलेटरवर शंभर टक्के ऑक्सिजन दिला तरी फरक पडत नाही, कारण हवा पोचते पण रक्त पोचत नाही.

म्हणून खोकल्याच्या झटक्यांसह आलेल्या लहान बाळाचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, त्याच दिवशी करावे. पांढऱ्या पेशी 30,000 च्या पुढे आणि त्यात लिम्फोसाइट जास्त असतील, तर 'जंतुसंसर्ग जास्त आहे' असा शेरा मारून अँटिबायोटिक बदलत बसू नये. बारा तासांनी मोजणी पुन्हा करावी. आकडा चढत असेल आणि शांत झोपेतही नाडी 170 च्या वर राहत असेल, तर बाळ कोलमडण्याआधी मोठ्या केंद्रात पाठवावे. तिथे रक्तबदल करून पेशी कमी करता येतात, पण हृदय थकल्यावर त्याचा उपयोग फार थोडा उरतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला अझिथ्रोमायसिन किलोमागे 10 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पाच दिवस. अहवालाची वाट बघत थांबू नये. एक महिन्याखाली एरिथ्रोमायसिन टाळावे, त्याने जठराचे तोंड आवळून उलट्यांचा आजार होऊ शकतो. घरातल्या सर्वांना, आईला आधी, हेच औषध वयानुसार द्यावे.

आणि या आजारावरची आमची सर्वांत आग्रहाची मागणी गरोदरपणातल्या लशीची आहे. गरोदर मातेला आपण टीडी देतो. तिच्यात धनुर्वात आणि घटसर आहे, डांग्या खोकला नाही. डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची पेंटा लस बाळाला पहिल्यांदा सहाव्या आठवड्याला मिळते. म्हणजे जन्मापासून दीड महिना बाळाजवळ या जंतूविरुद्ध काहीही नसते. गरोदरपणाच्या 27 ते 36 आठवड्यांत दिलेल्या टीडॅप, म्हणजे डांग्या खोकलाही असलेल्या, लशीची प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळतात. खासगी रुग्णालयांत ती दिली जाते. सरकारी कार्यक्रमात ती आणण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा, तोपर्यंत निदान आदिवासी जिल्ह्यांसाठी राज्याच्या निधीतून ती घेता येईल का ते तपासावे. आणि सर्दी आहे म्हणून सहाव्या आठवड्याची पेंटा पुढे ढकलण्याची सवय मोडावी. साध्या सर्दीत लस देता येते.

आता सलाईन. ही गुंतागुंत पुष्कळदा आपल्या हातून घडते म्हणून तिच्याबद्दल स्पष्ट लिहितो. फुफ्फुसाच्या संसर्गात बाळाचे शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक जास्त सोडते. लघवी कमी होते, पाणी साचते, रक्तातले सोडियम पातळ होते. अशा बाळाला अनेक ठिकाणी आजही सवयीने आयसोलाइट-पी हे कमी सोडियमचे सलाईन लावले जाते. त्यात सोडियम लिटरला 25 मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास असते. साध्या नॉर्मल सलाईनमध्ये 154 असते. रक्तातले सोडियम 135 ते 145 हवे. ते 125 च्या खाली घसरले की आकडीचे झटके येऊ शकतात. मग मिडॅझोलाम, फिनोबार्बिटोन अशी औषधे एकामागून एक दिली जातात, झटका थांबत नाही आणि श्वास मात्र दबतो. निदान 'मेंदूज्वर' लिहिले जाते.

एक महिन्यावरच्या बाळासाठी नियम सोपा आहे. 5 टक्के डेक्स्ट्रोजसह नॉर्मल सलाईन, म्हणजे आपले डीएनएस, आणि लघवी झाल्यावर त्यात लिटरला 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. प्रमाण नेहमीच्या दोन तृतीयांश. चार किलोच्या बाळाला दिवसाला एरवी 400 मिली लागते, येथे साधारण 265 मिली. तासाला 11 मिली. मायक्रोड्रिप सेटमध्ये 60 थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे मिनिटाला 11 थेंब. ही ओळ प्रत्येक बालरोग वॉर्डाच्या भिंतीवर, वजनानुसार तक्ता करून लावावी. संसर्गातल्या बाळाला आकडी आली तर आधी साखर बघावी, नंतर सोडियम. सोडियम कमी निघाले तर 3 टक्के सलाईन किलोमागे 3 ते 5 मिली, 10 ते 20 मिनिटांत. सोडियमचा अहवाल दुसऱ्या दिवशी मिळत असेल तर त्याचा उपयोग नाही. किमान उपजिल्हा रुग्णालयात तासाभरात अहवाल देणारे इलेक्ट्रोलाइट यंत्र आणि त्याचे रीएजंट, म्हणजे तपासणीची रसायने, अखंड असावेत. यंत्र आहे, रीएजंट नाही, ही अवस्था यंत्र नसण्याइतकीच वाईट. मुळात बाळ पिऊ शकत असेल तर सलाईन लावूच नये. श्वास 60 च्या वर गेला की बोंडल्याने किंवा चमच्याने पाजणे थांबवावे आणि नाकातून पोटात घातलेल्या नळीने आईचे काढलेले दूध थोडे थोडे द्यावे. दम लागलेले बाळ गिळणे आणि श्वास यांचा मेळ घालू शकत नाही, दूध श्वासनलिकेत जाते.

खोकला आणि लघवी बंद, ही जोडी आम्हाला सर्वांत जास्त धास्तावते, कारण तिच्यामागे चार वेगळ्या वाटा असतात आणि उपचार एकमेकांच्या उलट. बाळ सुकले असेल तर पाणी द्यायचे. वर लिहिल्याप्रमाणे पाणी साचले असेल तर आखडायचे. तिसरी वाट फार विरळ : न्यूमोकॉकस या जंतूचा न्यूमोनिया, बहुधा पू साचलेला, आणि त्यातच बाळ अचानक पांढरेफटक पडते, प्लेटलेट घसरतात, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन चढते. हा जंतू एका विकराने (एन्झाइमने) लाल पेशींवरचे आवरण ओरबाडतो आणि आतला एरवी झाकलेला थर उघडा पडतो. मोठ्या माणसांच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या द्रवभागात, त्या थराविरुद्धची प्रतिपिंडे निसर्गतःच असतात. त्यामुळे 'रक्त गोठत नाही' असे समजून प्लाझ्मा चढवला तर पेशी आणखी फुटू शकतात. म्हणून न्यूमोनियात हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि लघवी तिन्ही एकदम घसरले तर लाल पेशींवर प्रतिपिंडे चिकटली आहेत का ते सांगणारी डायरेक्ट कूम्ब्स तपासणी करावी, प्लाझ्मा शक्यतो टाळावा, रक्त देण्याची वेळ आली तर रक्तपेढीला कारण सांगून धुतलेल्या लाल पेशी मागाव्यात आणि डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी बाळ हलवावे. न्यूमोकॉकसची लस 2021 मध्ये देशभर नियमित लसीकरणात आली, सहा आणि चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात. पूर्ण झालेले तीन डोस हाच यावरचा खरा उपाय.

चौथी वाट खोकल्याच्या औषधाची. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले नागपूरच्या रुग्णालयांत मूत्रपिंडे निकामी होऊन दाखल झाली आणि त्यातली अनेक दगावली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे विष निघाले. केंद्राने ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत असे कळवले. हा निरोप मेडिकलच्या काउंटरपर्यंत पोचला पाहिजे. शिवाय लघवी बंद झालेल्या प्रत्येक बाळाच्या आईला दिलेल्या बाटल्या आणायला सांगावे, नाव आणि बॅच क्रमांक केसपेपरवर लिहावा आणि बाटली जपून ठेवावी. छिंदवाड्यासारखी घटना लवकर उघडकीस येण्याचा तोच एक मार्ग आहे.

घरातल्या उपायांत दोन गोष्टी आईशी शांतपणे बोलाव्यात. मालिशीच्या वेळी नाकात तेल सोडतात. तेलाने खोकला उठत नाही, म्हणून ते गुपचूप फुफ्फुसात उतरते, तिथे साचते आणि महिनोन्महिने न्यूमोनियासारखी सावली एक्स-रेवर दिसत राहते. दुसरी, न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा-शेपा टाकून दिलेली धुरी. आधीच सुजलेल्या नळ्या तिने आणखी आवळतात. नाक चोंदले असेल तर दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे दोन-तीन थेंब पुरेत. घशापर्यंत खोल सक्शन करू नये, त्याने सूज वाढते आणि लहान बाळाचा श्वास थांबू शकतो.

छातीत पू किंवा हवा साचण्याबद्दल थोडक्यात. अँटिबायोटिक सुरू होऊन 48 तास झाले तरी ताप आणि दम तसाच, किंवा बाळाच्या अंगावर गळू, आईच्या स्तनात पूची गाठ असेल, तर स्टॅफिलोकॉकस या जंतूचा विचार करावा. अमॉक्सिसिलिन तिथे चालत नाही, क्लॉक्सासिलिन लागते. बाळ एकाएकी खालावले, एका बाजूचा आवाज गेला आणि हृदयाचे ठोके दुसरीकडे सरकले, तर एक्स-रेची वाट न बघता सुई घालून हवा काढावी. एक्स-रेवर फुफ्फुसात दिसणाऱ्या पातळ भिंतीच्या हवेच्या पोकळ्या मात्र बहुतेक वेळा आपोआप भरतात, त्यांत सुई खुपसू नये. छातीत नळी घातलेले बाळ हलवताना नळीला जोडलेली पाण्याची बाटली छातीच्या पातळीखाली ठेवावी आणि बुडबुडे येणारी नळी कधीही क्लॅम्प करू नये, म्हणजे चिमटा लावून बंद करू नये. रस्त्यातल्या खड्ड्यांमुळे बाटली कलंडेल या भीतीने क्लॅम्प केली जाते आणि बाळ वाटेतच जाते.

घरी गेलेल्या बाळांकडेही लक्ष हवे. अडेनोव्हायरसच्या गंभीर न्यूमोनियानंतर काही बाळांच्या बारीक श्वासनलिका व्रण धरून कायमच्या अरुंद होतात. घरघर जात नाही आणि 'बालदमा' म्हणून वर्षभर इनहेलर चालतो. डिस्चार्ज कार्डावरच सहा आठवड्यांनंतरची तारीख टाकावी. त्या दिवशी शांत असताना आणि दूध पिताना ऑक्सिजन मोजावा. 94 च्या खाली असेल किंवा छातीत आवाज कायम असेल तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या केंद्रात पाठवावे.

ऑक्सिजन मोजण्यावरून आठवले. कोविडकाळात आरोग्य केंद्रांना मिळालेले चिमट्याचे ऑक्सिमीटर मोठ्या माणसाच्या बोटासाठी आहेत. तान्ह्याच्या बोटावर ते घसरतात आणि खोटा आकडा देतात. पायाच्या पंजाभोवती गुंडाळायचा प्रोब हवा. पाय गार असेल तर आधी ऊब द्यावी. यंत्रावरची नाडी आणि स्टेथोस्कोपने मोजलेले ठोके जुळले तरच आकडा खरा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला असे किमान दोन प्रोब द्यावेत, एक हमखास तुटतो.

शेवटी प्रवास. धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली हे अंतर श्वास थांबणाऱ्या बाळासाठी फार मोठे आहे. 108 च्या गाडीत तान्ह्या बाळाची अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, आणि 0 व 1 क्रमांकाचे मास्क आहेत का, हे गाडी निघण्याआधी हात लावून तपासावे. श्वास थांबला तर तळवे आणि पाठ चोळावी. दहा सेकंदांत सुरू झाला नाही तर खांद्याखाली घडी घातलेले फडके, मान सरळ, मागे फार कललेली नको, आणि मिनिटाला 20 ते 30 वेळा बॅग, छाती जेमतेम उचलेल एवढीच. 1,500 लिटरचा बी टाईप सिलिंडर नाकातल्या नळीला मिनिटाला 2 लिटरने बारा तास पुरतो, पण सतत दाबाने हवा देऊन फुफ्फुसे उघडी ठेवणाऱ्या 6 लिटरच्या बबल सीपॅपला चार तासच. हा हिशेब गाडीत चिकटवून ठेवावा. बाळासोबत बॅग चालवता येणारी व्यक्ती असावी, आणि श्वासाला चालना देणाऱ्या कॅफिनचे एक इंजेक्शन देऊन बाळाला 'सकाळपर्यंत बघू' म्हणून थांबवू नये.

संदर्भचिठ्ठीवर या गोष्टींसाठी छापील रकाने करावेत : श्वास थांबण्याची वेळ आणि किती वेळा, शेवटची लघवी, कोणते सलाईन किती मिली गेले, सीबीसी आणि सोडियमचे आकडे वेळेसह, दिलेल्या सिरपांची नावे, पेंटा आणि न्यूमोकॉकसच्या डोसांच्या तारखा. त्याचा मसुदा आणि वजनानुसार सलाईनचा तक्ता आम्ही विनामूल्य तयार करून देऊ, आणि जूनच्या आत कोणत्याही जिल्ह्यात येऊन शिकवायलाही तयार आहोत.

आपले,
महाराष्ट्रातील बालरोग व नवजात अतिदक्षता कक्षांत काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका